शिकत गेला तरी वेगळा राहिला: गिटारवादक लायोनेल लुएके

संगीतशाळेतून बाहेर पडलेल्या वादकात बऱ्याचदा माणसाआधी शाळाच ऐकू येते. जॅझमधली ही जुनी तक्रार आहे. तयारी पक्की असते, हात चपळ असतो, कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचं, ज्ञान अफाट असतं. पण असे चार जण डोळे मिटून ऐकले तर कोण कुठला ते ओळखता येत नाही. बेनिनचा गिटारवादक लायोनेल लुएके एका नव्हे, चार संस्थांमधून गेला: आबिजान, पॅरिस, बोस्टन आणि लॉस एंजेलिस. तीन खंड आणि दहाहून जास्त वर्षांचं शिक्षण. तरीही त्याची गिटार दोन-तीन सुरांतच ओळखू येते. हे कसं झालं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

त्याची दोन उत्तरं सर्रास दिली जातात. एक गरिबीचं: तारा मिळत नव्हत्या म्हणून त्याने सायकलच्या ब्रेकच्या केबल गिटारवर चढवल्या, म्हणून तो वेगळा झाला. दुसरं रक्ताचं: आफ्रिकेतला आहे, लय अंगातच असणार. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. दोन्हींमध्ये त्याच्या मेहनतीला जागाच उरत नाही, आणि त्याच्या वादनातले तपशील पाहिले तर ती टिकतही नाहीत.

लुएकेचा जन्म 27 एप्रिल 1973 चा, कोतोनू शहरातला. तेव्हा देशाचं नाव दाहोमे होतं. बेनिन हे नाव 1975 मध्ये आलं, मातिए केरेकू यांच्या मार्क्सवादी लष्करी राजवटीत. शिकलेलं पण पैशाने गरीब घर, असं तो आपल्या घराबद्दल सांगतो. नऊ वर्षांचा असल्यापासून तो ढोल आणि इतर तालवाद्यं वाजवत होता. गिटार बरीच उशिरा आली, सतरा वर्षांचा असताना, गिटार वाजवणाऱ्या मोठ्या भावाचं बघून. म्हणजे साधारण 1990. त्याआधीच्या वर्षी सरकारी तिजोरी रिकामी झाली होती, बँका बुडाल्या होत्या, नोकरदारांचे पगार थकले होते, शिक्षक आणि विद्यार्थी संपावर होते. अशा शहरात एका मुलाला पहिल्या गिटारसाठी 50 डॉलरइतके पैसे जमवायला वर्ष लागलं, यात नवल नाही.

तारांची गोष्ट खरी आहे. गिटारच्या तारा विकणारं जवळचं दुकान म्हणजे शेजारचा नायजेरिया. जुन्या तारा तो व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करायचा आणि पुन्हा चढवायचा. तार तुटली आणि नवी नसली की सायकलच्या ब्रेकची केबल. ज्याने ती केबल हातात घेतली आहे त्याला कळेल की हे किती अवघड काम आहे: जाड, पिळाची तार, तिला गिटारइतकं ताणलं तर बोटं सोलवटतात आणि गिटारची मानही वाकते. पण या केबलचा त्याच्या आजच्या आवाजात मागमूसही नाही. आज तो ज्या वाद्यामुळे ओळखला जातो त्याच्या तारा नायलॉनच्या आहेत, म्हणजे ब्रेकच्या केबलच्या अगदी उलट टोकाच्या. टंचाईने त्याची गिटारवरची ओढ किती होती ते दाखवलं. शैली दिली नाही.

बालपणातून खरोखर आलं ते दुसरंच काहीतरी. पश्चिम आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर, घानापासून बेनिनपर्यंत, ढोलांच्या मेळात एक लोखंडी घंटा असते. तिचा सर्वात पसरलेला ठेका 12 मात्रांच्या आवर्तनात 7 ठोक्यांचा आहे: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. घंटा हे आवर्तन न बदलता चालू ठेवते. नाचणाऱ्याचे पाय मात्र त्याच 12 मात्रांचे चार भाग करतात, एखादा ढोल तीन करतो, दुसरा सहा. सगळे एकाच वेळी बरोबर असतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या कानावर हे रोज पडलं, आणि नुसतं पडलं नाही तर त्याने ते हाताने वाजवलं, की त्याला एक गोष्ट आयुष्यभरासाठी मिळते: एका वेळी दोन लयी धरून ठेवणं. पुढे लुएकेने 5, 7, 9, 11 मात्रांच्या रचना केल्या, 17 मात्रांचीही केली, आणि त्या ऐकताना कोणी बोटांवर मोजतंय असं वाटत नाही. कारण तो मात्रा बेरजेने मोजतच नाही, घंटेसारखा एक आकार धरतो आणि बाकीचं त्यावर ठेवतो.

हे मात्र रक्तातून आलं नाही. हे लहानपणी, रस्त्यावर आणि सण-समारंभात घेतलेलं शिक्षण आहे. त्याला शाळा म्हणायची आपल्याला सवय नाही, इतकंच.

जॅझ आला तो पॅरिसहून परतलेल्या एका मित्राच्या सामानातून. त्यात अमेरिकन गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांची एक सीडी होती. लुएकेने ती ऐकून ऐकून, सूर न् सूर वाजवायला घेतली. सीडी बेन्सन यांची होती हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेन्सन गिटारवर जी तान वाजवतात तीच त्याच क्षणी तोंडानेही गातात. गळा आणि तार एका रेषेत चालतात. पुढे लुएकेच्या वादनात आवाजाला जे स्थान मिळालं त्याकडे लोक बोट दाखवतात आणि म्हणतात, ही आफ्रिका. निदान अर्धं श्रेय पिट्सबर्गच्या बेन्सन यांचं आहे.

आबिजान ते बोस्टन

पुढे तो आयव्हरी कोस्टला, आबिजानच्या राष्ट्रीय कला संस्थेत शिकायला गेला. पश्चिम आफ्रिकेतल्या संगीतकारांसाठी आबिजान तेव्हा मोठं शहर होतं, स्टुडिओ आणि क्लब दोन्ही तिथे होते. पैसे लवकरच संपले. एका क्लबमध्ये बँड विश्रांतीला उतरला तेव्हा लुएके मंचावर चढला, गिटार उचलली आणि वाजवायला लागला. व्यवस्थापकाने ऐकलं आणि काम देऊ केलं. ही हकीगत धिटाईची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण तिच्यातून मिळालेली गोष्ट अगदी साधी होती: दिवसा शाळेत स्वरलेखन, रात्री क्लबमध्ये लोकांना हवं ते वाजवणं, आणि त्यातून फी.

1994 मध्ये तो पॅरिसला गेला, अमेरिकन स्कूल ऑफ मॉडर्न म्युझिकमध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीत सीएफए फ्रँकची, म्हणजे बेनिन आणि आयव्हरी कोस्टच्या चलनाची, किंमत फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत एका झटक्यात निम्मी करण्यात आली होती. आबिजानमध्ये साठवलेला पैसा पॅरिसमध्ये पोचेपर्यंत अर्धा व्हायचा. या पिढीतल्या कलाकारांच्या प्रवासाबद्दल बोलताना हा आकडा विसरू नये. पॅरिसची पाच वर्षं जॅझच्या भाषेची होती. तिथून 1999 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात.

इथपर्यंतचा माणूस चांगला जॅझ गिटारवादक होता. त्याचं पुढचं आयुष्य पाहिलं नसतं तर आपण म्हणालो असतो: आणखी एक हुशार विद्यार्थी. अडचण इथेच होती. जॅझ गिटारची मुख्य वाट वेस माँटगोमेरी, बेन्सन, पॅट मेथीनी अशी चालत आलेली आहे, आणि ती इतकी भक्कम आहे की तिच्यावरून चालणाऱ्याला बाजूला पाहायची गरजच भासत नाही. जॅझ नीट आल्याशिवाय स्वतःचं काही मांडता येत नाही, आणि जॅझ नीट आला की स्वतःचं मांडायला जागा उरत नाही.

बर्कलीत त्याला दोन जण भेटले: हंगेरीचा ड्रमर फेरेंक नेमेथ आणि स्वीडन-इटलीत वाढलेला बास वादक मास्सिमो बिओल्काती. तिघांपैकी एकही अमेरिकन नाही. नेमेथला पूर्व युरोपच्या विषम मात्रांच्या नाचलयी ठाऊक, लुएकेला घंटेचं आवर्तन. या दोघांमध्ये बास धरून बसणारा शांत माणूस. या त्रयीने पुढे गिल्फेमा या नावाने ध्वनिमुद्रणं केली आणि वीस वर्षांनंतरही हे तिघं एकत्र वाजवत राहिले. माझ्या मते लुएकेच्या घडणीत कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा हे दोन मित्र मोठे आहेत. सात किंवा अकरा मात्रांची कल्पना घेऊन गेल्यावर समोरचा गोंधळला नाही, उलट त्यानेच तिच्यात भर घातली, तर ती कल्पना जगते.

गिटारचं ढोलात रूपांतर

आता त्याच्या हाताकडे पाहू, कारण निर्णय तिथे दिसतात.

पहिला निर्णय पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, बाजूला ठेवण्याचा. जॅझ गिटारचा वेग आणि धार बहुतांशी पिकमधून येते. ती सोडून बोटांनी वाजवायचं म्हणजे वर्षानुवर्षांची तयारी पुन्हा पहिल्यापासून. बदल्यात अंगठा मोकळा होतो आणि बास चालवतो, बाकीची बोटं कॉर्ड आणि सूर सांभाळतात, आणि तळहात गिटारच्या अंगावर थाप देऊ शकतो. ढोल वाजवलेल्या हाताला काम मिळतं.

दुसरा नायलॉनच्या तारांचा. पोलादी तारेचा सूर लांबतो, चमकतो. नायलॉनचा सूर गोल असतो आणि लवकर विरतो. लयीत वाजवणाऱ्याला विरणारा सूर सोयीचा, कारण पुढच्या ठोक्यासाठी जागा रिकामी होते.

तिसरा कागदाचा, आणि मला सर्वात आवडणारा. ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे, तारांमध्ये तो कागदाचा तुकडा अडकवतो. कागदाने तारेचं कंपन दबतं, सुराची शेपटी तुटते, उरतो तो सुरुवातीचा टणका आणि त्याच्यासोबत एक बारीक झरझर. आवाज थेट कालिंबासारखा होतो, म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी वाजवतात त्या वाद्यासारखा. झिंबाब्वेच्या एम्बिरावर शिंपल्या किंवा बाटल्यांची झाकणं मुद्दाम लावतात, ती अशीच झरझर मिळावी म्हणून. युरोपीय कानाला जो दोष वाटतो तो तिथे वाद्याचा भाग असतो. लुएकेने एक पैसा खर्च न करता गिटारमध्ये तो आणला. त्याला जोड म्हणून सूर एक सप्तक खाली किंवा वर नेणारं, पायाने दाबायचं पेडल, त्यामुळे एकटा माणूस बास, ढोल आणि कालिंबा असे तिघे वाजवत असल्यासारखं वाटतं.

चौथा तोंडाचा. तो गिटारसोबत गातो, बऱ्याचदा आपल्या फॉन भाषेत, आणि त्याच वेळी जिभेने टाळूवर चटके मारतो. तबल्याची पढंत ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना तोंडाने लय बोलण्याचं नवल नाही, पण इथे पढंत आणि वादन एकाच माणसाकडून एकाच क्षणी, वेगवेगळ्या लयींत चालू असतात.

रक्ताचं उत्तर इथे कोसळतं. जिभेचे हे चटके फॉन भाषेत नाहीतच. ते खोसासारख्या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांतले आहेत. एम्बिरा शोना लोकांची, तीही खंडाच्या दुसऱ्या टोकाला. ‘कारिबू’ आणि ‘म्वालिको’ या त्याच्या दोन अल्बमची नावं स्वाहिली आहेत, आणि स्वाहिली पूर्व आफ्रिकेची भाषा. कोतोनूपासून हे सगळं हजारो किलोमीटर लांब आहे. म्हणजे लुएकेच्या संगीतातली आफ्रिका त्याला वारशात मिळालेली नाही. त्याने ती कान लावून, निवडून, जुळवून तयार केली आहे. बेन्सन यांच्या ताना ज्या चिकाटीने उचलल्या, त्याच चिकाटीने.

न सुधारणारे गुरू

2001 मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या थेलोनियस मंक जॅझ संस्थेसाठी चाचणी दिली. ही संस्था दोन वर्षांसाठी मोजकेच वादक घेते, एक छोटा बँड होईल इतकेच, आणि पूर्ण शिष्यवृत्ती देते. निवड करायला बसले होते पियानोवादक हर्बी हॅनकॉक, सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड. हॅनकॉक यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की असं गिटारवादन त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या तिघांनी काय केलं याहून काय केलं नाही हे मोठं आहे. त्यांनी त्याचा कागद काढून टाकला नाही, गाणं बंद करायला लावलं नाही. हॅनकॉक आणि शॉर्टर दोघेही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या साठच्या दशकातल्या पाच जणांच्या बँडमधले. ऐकून आलेलं वाजवू नका, या शिस्तीत ते स्वतः वाढले होते. चौथ्या शाळेने त्याला नवं फारसं शिकवलं नसेल. पण आधीच्या तीन शाळांमधलं शिक्षण मोडून वापरायची मुभा दिली.

ब्लँचर्ड यांनी तर त्याला शिकत असतानाच आपल्या बँडमध्ये घेतलं. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचा 2003 चा ‘बाउन्स’ आणि 2005 चा ‘फ्लो’ या दोन्ही अल्बमवर तो आहे. ‘फ्लो’चे निर्माते हॅनकॉक होते आणि त्यात लुएकेच्या स्वतःच्या रचना आहेत, ‘वादाग्बे’ त्यांतली एक. नेत्याने तिशीतल्या वादकाची रचना आपल्या अल्बमवर घ्यावी, हे जॅझमध्ये मानाचं असतं.

मग हॅनकॉक. इथे एक तांत्रिक अडचण असते जी बाहेरून दिसत नाही. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड वाजवणारी वाद्यं; एकत्र आली की एकमेकांच्या पायात येतात. हॅनकॉकसारखा पियानोवादक प्रत्येक आवर्तनात कॉर्ड बदलत असताना गिटारवाल्याने काय करावं? बहुतेक जण गप्प बसतात. लुएकेला गप्प बसावं लागत नाही, कारण त्याची गिटार हव्या त्या क्षणी कॉर्ड सोडून तालवाद्य होऊ शकते. कागद, थाप, चटके, दबलेला बास: यांतलं काहीही पियानोच्या जागेत शिरत नाही. म्हणूनच 2005 पासून इतकी वर्षं तो हॅनकॉक यांच्याकडे टिकला, असं मला वाटतं. ‘रिव्हर: द जोनी लेटर्स’ (2007) वर शॉर्टर, बासवर डेव्ह हॉलंड आणि ड्रमवर विनी कोलाइयुता यांच्यासोबत तोच गिटारवर आहे. त्या अल्बमला 2008 मध्ये ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा किताब मिळाला. जॅझ अल्बमला हा मान 43 वर्षांनी मिळत होता. त्यात लुएके किती कमी वाजवतो तेही ऐकण्यासारखं आहे.

त्याच वर्षी ब्लू नोटवर त्याचा ‘कारिबू’ आला. नेमेथ आणि बिओल्काती सोबतीला, हॅनकॉक आणि शॉर्टर पाहुणे. गुरू शिष्याच्या अल्बमवर, शिष्याच्या मित्रांसोबत. ‘लाइट डार्क’मध्ये दोघेही आहेत आणि तिथे वयाचा, मानाचा कुठलाही भेद ऐकू येत नाही. 2010 च्या ‘म्वालिको’मध्ये त्याने अँजेलिक किद्जो, रिचर्ड बोना, एस्पेरांझा स्पाल्डिंग अशा कलाकारांबरोबर वाजवलं, बेनिनच्याच किद्जोबरोबरचं त्यातलं गाणं घरातल्या बोलण्यासारखं मोकळं आहे.

सगळंच काम मला सारखं भावत नाही. 2015 चा ‘गाइया’ निर्माते डॉन वॉझ यांनी स्टुडिओत श्रोते बसवून मुद्रित केला. विषय पृथ्वीच्या हालांचा, हेतू मोठा. पण त्यात इलेक्ट्रिक आवाज आणि पेडलं इतकी पुढे येतात की हाताचं बारीक काम झाकलं जातं. लुएकेचं बळ थोडक्यात खूप सांगण्यात आहे, आणि तिथे ते थोडं कमी पडलं.

त्याचा मार्ग एकमेव नव्हता हेही नोंदवायला हवं. दक्षिण आफ्रिकेचे फिलिप टबाने (1934–2018) हे नेमके उलट टोकाचे. 1964 मध्ये त्यांच्या ‘मालोम्बो’ या त्रयीने कॅसल लागर जॅझ महोत्सवात पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हा अमेरिकन पद्धतीचा ड्रम सेट बाजूला सारून ज्युलियन बहुला देशी मालोम्बो ढोल वाजवत होते. टबाने कुठल्याही संगीतशाळेत गेले नाहीत, आणि वर्णभेदाच्या काळात आपल्या मातीला धरून वाजवत राहिले. दोघांच्याही गिटारमध्ये ढोल आहे. टबाने यांनी तो सोडलाच नाही. लुएके त्याच्यापासून दूर गेला, दुसरी भाषा मुळापासून शिकला आणि मग त्याच्याकडे परतला. टबाने यांचा आवाज जास्त खोल आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लुएकेचा जास्त ठिकाणी चालतो, जास्त लोकांशी बोलतो.

मंक संस्थेत त्याच्याच वर्गात ग्रेचेन पार्लाटो नावाची गायिका होती. 2005 च्या तिच्या पहिल्या अल्बमवर तो होता, आणि 2023 मध्ये दोघांनी मिळून ‘लीन इन’ केला, ज्याला जॅझ गायनाच्या ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं. हॅनकॉक यांच्या अलीकडच्या दौऱ्यांत ट्रम्पेटवर ब्लँचर्ड असतात आणि गिटारवर लुएके. 2001 च्या चाचणीतले दोन परीक्षक आणि एक उमेदवार एकाच मंचावर.

ज्याला हे सगळं एका जागी ऐकायचं असेल त्याने 2020 चा ‘एचएच’ लावावा. फक्त गिटार आणि गळा, आणि जवळपास सगळ्या रचना हॅनकॉक यांच्या. ‘कँटलूप आयलंड’ पियानोवर अर्ध्या जगाने ऐकलेलं आहे. इथे तेच कॉर्ड अंगठ्याच्या बासवर आणि जिभेच्या ठेक्यावर उभे राहतात. ‘रॉकिट’ तर 1983 मध्ये सिंथेसायझर आणि टर्नटेबलवर उभी राहिलेली रचना. ती त्याने एका माणसाच्या दोन हातांत आणि तोंडात बसवली आहे. आधी मूळ ऐकावं आणि लगेच हे, म्हणजे गुरूचं काय घेतलं आणि काय जागेवर ठेवलं ते सूर-न्-सूर कळतं.